मुखपृष्ठावरचं बोट

१२ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आमच्या लाँड्रीच्या मालकीणबाईंच्या नावानं व्यवस्थित पोचलं. त्यांनी ते नेहमीसारखं इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात घालून माझ्या टेबलावर ठेवलं आणि डोळे मिचकावून गेल्या. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, हे तू अजून पाळतेस म्हणून माझा जीव थाऱ्यावर आहे. कंटाळा करू नकोस बाई.

आता बातमी. हसणार नसशील तर सांगते. शाळा सुटल्यापासून जिनं पुस्तक हातात घेतलं ते फक्त डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सारायला, ती तुझी ताई पुस्तक काढतेय. रफूचं पुस्तक. मी रफू केलेला कोट परत नेताना भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाही सापडत नाही, हे तुला ठाऊक आहे. मालकीणबाई एकदा म्हणाल्या की ही विद्या तुझ्याबरोबरच जायची. ते आमच्या पिल्लूनं ऐकलं, आणि लेकीनं आईला वाढदिवसाला चप्पल आणायची सोडून एका ऑनलाइन कोर्सला बसवलं. आपलं पुस्तक आपणच कसं छापावं, असा कोर्स आहे. प्रकाशकाच्या दारात जायचं नाही, कोणाच्या पाया पडायचं नाही. आपणच लेखक आणि आपणच प्रकाशक.

शिकवणारा मास्तर प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला एक टाळी वाजवतो, म्हणून आम्ही त्याला टाळीवाला म्हणतो. पहिल्या टाळीला मी खुर्चीतून उडाले होते. पिल्लू हसली नाही. मला मोठा आवाज का सोसत नाही, ते तिला माहीत आहे. शनिवारी सगळे विद्यार्थी पडद्यावर चौकोनाचौकोनांत दिसतात. एक निवृत्त आजोबा कबुतरांवर लिहितायत, एक जनावरांची डॉक्टरीण कविता करते. माझा चौकोन काळा असतो, कारण मी कॅमेऱ्यावर कापडाचा तुकडा चिकटवलाय. टाळीवाल्यानं विचारलं तर सांगितलं की कॅमेरा बिघडलाय.

घाबरू नकोस, नाव टोपण असणार आहे. तो कसा आहे? तुझ्या ऑफिसच्या खिडकीतून त्याचं दुकान दिसतं याचं मला कधी बरं वाटतं, कधी भय. वाईट असेल तरी कळवत जा.

तुमच्या घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. माझी आठवण जपून ठेव, पण मनात. कागदावर नको.

तुझी
ताई


२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग दाराला कडी लावली. पुस्तक! शाळेत निबंध लिहायला सांगितला की तुझं पोट दुखायचं, आणि आता तुझं पुस्तक! मी लगेच ह्यांना सांगणार होते, तोंडापर्यंत आलं होतं, पण गिळलं. ह्यांच्या पोटात काही राहत नाही. मागे काय झालं ते मी जन्मात विसरणार नाही. दाराचं कुलूप अडकलं म्हणून ह्यांनी भोळेपणानं त्यालाच बोलावलं. गावात कुलूपवाला तोच एक, आणि वर मेहुणीचा नवरा. मी आत पाणी आणायला गेले तेवढ्यात त्यानं टेबलावरचा माझा फोन उचलून चाळला, आणि चारच दिवसांनी तुझ्या त्या वेळच्या खोलीच्या दारात उभा राहिला. तू आणि पिल्लू अंगावरच्या कपड्यांनिशी मागच्या जिन्यानं पळालात. म्हणून आपला फोन बंद झाला आणि हा पत्रांचा खटाटोप सुरू झाला. नंतर मी परगावाहून माणूस आणवून कुलूप बदलून घेतलं तर शेजारीण म्हणाली, घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? मी काय सांगणार?

ताई, सगळं गाव त्याला देवमाणूस म्हणतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांची दारं अडकली की हाक मारल्याबरोबर धावतो आणि पैसे घेत नाही. पाणीपट्टी भरायला आमच्या खिडकीशी येतो तेव्हा आधी इतरांना पुढे जाऊ देतो. पावती घेताना हळूच विचारतो, बहीण बरी आहे ना? मी म्हणते, मला काही कळत नाही. तो म्हणतो, कळेल की. आणि हसतो. त्या दिवशी माझी बेरीज चुकते.

तू हे पुस्तक नाही काढलंस तर नाही का चालणार? दुधानं तोंड पोळलेली मी, ताकसुद्धा फुंकून पिते. पण तुला नको म्हणायला जीभ उचलत नाही. निदान फोटो देऊ नकोस आणि घरचा पत्ता देऊ नकोस. पिल्लूला मावशीचा गालगुच्चा.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी
चिंगी


२० एप्रिल

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझ्या सगळ्या अटी पाळल्या आहेत, आता पोटभर श्वास घे.

धडे संपत आले. समास किती सोडायचा, अक्षर केवढं ठेवायचं, प्रकरण नेहमी उजव्या पानावर का सुरू करायचं, सगळं शिकले. रफूचाच प्रकार आहे हा. उभा धागा, आडवा धागा, आणि ओढ कमीजास्त झाली की कापड तोंड वाकडं करतं. मजकूर मी रोज जेवणाच्या सुट्टीत दुकानातच लिहिला. पिल्लूनं तो टाइप केला आणि माझ्या शुद्धलेखनावर मनसोक्त तोंडसुख घेतलं. आता कोणी पुस्तक मागवलं की तेवढीच प्रत छापली जाते आणि परस्पर त्याच्या घरी जाते. घरात गठ्ठे नाहीत, वाळवी नाही.

दोन ठिकाणी अडले. पुस्तकाच्या सुरुवातीला एक पान असतं, हक्क कोणाचे, प्रकाशक कोण, त्याचा पत्ता काय, असं सगळं सांगणारं. टाळीवाला म्हणाला की ते कोरं ठेवायचं नाही. प्रकाशक म्हणजे मीच, मग पत्ता कोणाचा? कोर्सच सोडून द्यावा असं दोन दिवस वाटत होतं. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या की दुकानाचा टाक, इथे दिवसाला शंभर माणसं येतात, तुझा मागमूस कोणाला लागणार? तसं केलं.

दुसरं म्हणजे मुखपृष्ठ. टाळीवाल्याचं म्हणणं, हातानं करायच्या विद्येवरचं पुस्तक असेल तर वाचकाला माणूस दिसला पाहिजे. चेहरा नाही म्हटल्यावर त्यानंच सुचवलं, मग हात दाखवा. पिल्लूनं खिडकीच्या उजेडात फोटो काढला. राखाडी कोट, त्यावर ताणलेलं भोक, सुई आणि माझे दोन हात. चिंगे, फोटो बघून मी कितीतरी वेळ तशीच बसले. माझे हात इतके कामाचे दिसतात हे मला माहीतच नव्हतं.

शेवटचं बटण दाबायची वेळ आली. पिल्लू म्हणाली, आई, डोळे मीट. मीटले आणि दाबलं. काही झालं नाही, फक्त पडद्यावर अभिनंदन असं आलं.

आता घरचा अभ्यास असा की जवळच्या माणसांनी पुस्तकाची बातमी पुढे पोचवायची. मला जवळचं माणूस एकच, ते तू. पुस्तकाचं नाव आणि माझं टोपणनाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंय. ओळखीच्या एका बाईंचं पुस्तक एवढंच सांग, चार बायकांना दाखव आणि ही चिठ्ठी फाडून टाक. तुझी प्रत मालकीणबाईंच्या नावानं मागवलीय, येईलच.

बहिणीची फुशारकी पोटात घाल आणि आहे तेवढा जिव्हाळा राहू दे.

तुझी
ताई


१० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेपर्यंत मालकीणबाईंकडून तुला माझा निरोप मिळाला असेल. काल शिपाईमावशींच्या फोनवरून दुकानात फोन केला. नियम मोडला, पण मोडावाच लागला. तू बाहेर कोट पोचवायला गेली होतीस. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून सगळं नीट लिहिते.

तू सांगितलंस तसं मी पुस्तकाची बातमी ऑफिसातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकली. ओळखीच्या बाईंचं पुस्तक आहे, फार छान आहे, म्हणून. मोबाइलवर मुखपृष्ठ नखाएवढं दिसत होतं. टाइपिस्टबाईंना हौस फार, त्यांनी लगेच मागवलं. त्यांची प्रत आणि माझी प्रत एकाच दिवशी आल्या. घरी नेऊन मी दिवाणखान्यात दिव्याखाली तुझे हात बघत बसले. आणि मग मला ते दिसलं.

ताई, तुझ्या डाव्या हाताचं ते बोट. दुसऱ्या पेरापासून बाहेर वळलेलं. कोट त्याच्यावरच ताणलाय आणि सगळा उजेडही त्याच्यावरच पडलाय. वर आत तू लिहिलंयस की माझं डावं बोट जरा वाकडं असल्यानं कापड त्यावर छान बसतं, तुमचं सरळ असेल तर पेन्सिल वापरा. अगं, नाव लपवलंस, तोंड लपवलंस, घर लपवलंस. आणि ओळख तेवढी मुखपृष्ठावर छापलीस! आपण डॉक्टरला सांगितलं होतं की दारात सापडलं. दार कोणी लावलं आणि दाबून कोणी धरलं, ते जगात तिघांनाच माहीत आहे. तुला, मला आणि त्याला.

काल सकाळी तडक ऑफिसात गेले, म्हटलं टाइपिस्टबाईंकडून काहीतरी सबबीनं पुस्तक घ्यावं. पण तो आधीच खिडकीशी उभा होता. पाणीपट्टी भरायला. पुस्तक त्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी कौतुकानं त्याच्या हातात दिलं, बघा म्हणाल्या, किती सुरेख. तो मुखपृष्ठाकडे बघत राहिला. मी पलीकडे शिक्का हातात धरून उभी होते, तो खाली टेकवता येईना. मग त्यानं पहिली पानं उलटली, फोन काढला, एका पानाचा फोटो घेतला आणि पुस्तक जसं होतं तसं परत ठेवलं. म्हणाला, चांगलं पुस्तक आहे, हात ओळखीचे वाटतात. माझ्याकडे बघून हसला. बहीण बरी आहे का, हे या वेळी विचारलं नाही.

ताई, निघा तिथून. मीच तुझ्या जिवावर उठले. मला काय शिव्या द्यायच्या त्या सावकाश दे, आधी निघा.

तुझ्या मायेला पात्र नाही, तरी मागते.

चिंगी


२१ मे

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

आधी ते रडणं थांबव. पुस्तक पुढे पोचव असं मीच सांगितलं आणि बोट मीच छापलं. फोटोत मला ते दिसलंच नाही ग. इतकी वर्षं त्याच्यावर कापड ताणतेय. मला ते सुईसारखं, कात्रीसारखं माझं अवजार वाटतं. कसं मोडलं ते कामात असताना आठवत नाही, म्हणून तर मी इतकं काम करते.

तुझा निरोप मिळाला त्या दिवशी पिशवी भरली. ती कायम अर्धी भरलेलीच असते, त्यामुळे वेळ लागला नाही. पण पिल्लू दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, मी येणार नाही. लहान होते तेव्हा तू मला बखोटीला मारून पळवलंस, आता मी बखोटीत मावत नाही. मी ओरडले, हात उगारला. चिंगे, मी हात उगारला! ती मागे सरकली नाही, फक्त माझ्या हाताकडे बघत राहिली. मी खाली बसले आणि पिशवी तशीच दाराशी राहिली.

नंतरचा आठवडा कसा गेला ते विचारू नकोस. दुकानाच्या दारावर घंटी आहे, गिऱ्हाईक आत आलं की वाजते. ती वाजली की माझी मान वर व्हायची आणि सुई बोटात घुसायची. एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताचा ठिपका पडला, मालकीणबाईंनी स्वतः धुऊन काढला. रस्त्यात मागून पावलं आली की मी दुकानांच्या काचांत बघत चालते. भूक नाही, आणि तोंडात सदा पितळेची चव.

आणि मग पार्सल आलं. वर दुकानाचा पत्ता आणि त्याखाली फक्त लेखिकेस एवढंच. अक्षर बघूनच पाचावर धारण बसली. मालकीणबाईंनी फोडलं. आत त्याचा तपकिरी कोट होता, खांदा उसवलेला. उसवलेला नव्हे, कात्रीनं कापलेला. फाटलेलं आणि कापलेलं मला न बघता कळतं, नुसतं बोट फिरवून. सोबत चिठ्ठी नाही. खिशात एक किल्ली होती.

पिल्लूनं ती माझ्या हातून घेतली आणि तडक घराकडे निघाली. मी तिच्या मागे. तिनं किल्ली आमच्या दाराच्या कुलपाला लावून बघितली. गेली नाही. उलटी करून बघितली. गेली नाही. ती पायरीवर बसून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.

पण मी ती किल्ली उजेडात धरली आणि ओळखली. मागच्या खोलीची. तो दुकानात जाताना मला जिथे बाहेरून कुलूप लावून ठेवायचा, ती. अजून जपून ठेवलीय बघ त्यानं, आणि तेलपाणी करून.

पुढे काय करू ते सुचत नाही. तू एकटी त्याच्या समोरून जाऊ नकोस. माझ्यासाठी जीव टांगणीला लावतेस, तो लोभ काही फिटायचा नाही.

तुझी
ताई


१ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

किल्लीचं वाचलं आणि स्वयंपाकघरातच खाली बसले. ह्यांना सगळं सांगून टाकलं, बोटापासून. ते म्हणाले, मी त्याला माझ्या हातानं घरात आणला ना? त्या दिवसापासून मला ऑफिसात सोडायला येतात आणि न्यायलाही येतात.

तो रोज दुकान उघडतो, रोज मशीनवर किल्ल्या घासतो. तो कर्कश आवाज आमच्या टेबलापर्यंत येतो. काल मला ऐकू जाईल अशा आवाजात तो फळवाल्याला सांगत होता की बायकोला आणायला जायचंय, जरा कामं उरकू देत. फळवाला म्हणाला, वा वा, आणा.

ताई, पाया पडते, ते पुस्तक काढून टाक. तुझ्या कोर्सात तोही धडा असेलच की. आपलं पुस्तक होतं हे आपल्याला माहीत आहे, तेवढं बस झालं. तू जिवंत हवीस.

लेखिका नसलीस तरी माझी ताई राहा, एवढं मागणं.

चिंगी


१५ जून

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तो धडा आहे. मी बघितला. एक बटण दाबलं की पुस्तक दुकानातून नाहीसं होतं. बोट त्या बटणावर ठेवलंही होतं. हेच डावं बोट. मग डोक्यात आलं की बैल गेला आणि झोपा केला, यातला हा प्रकार. पत्ता त्याच्या फोनमध्ये आहे. पुस्तक काढून टाकलं तर तो एकटा मला शोधू शकेल, आणि बाकी जगाला मी कुठे आहे हे कळणार नाही. आजवर असंच तर चालत आलं. मी सगळ्यांपासून लपले, आणि कुठे शोधायचं ते ठाऊक असलेला तेवढा तोच.

शनिवारी शेवटचा वर्ग होता. मी कॅमेऱ्यावरचं कापड काढलं. टाळीवाल्यानं शंका विचारा म्हटल्यावर मी विचारलं की छापलेल्या पुस्तकात मागाहून एखादी गोष्ट घालायची असेल तर काय करायचं. कोणती गोष्ट, असं त्यानं सहज विचारलं, आणि मी बोट कॅमेऱ्यासमोर धरून सगळं सांगितलं. आवाज बकरीसारखा थरथरत होता, तरी सांगितलं. कबुतरवाल्या आजोबांनी चष्मा काढला. डॉक्टरीणबाईंनी, पोलिसांत गेलात का, किल्ली नीट ठेवलीत का, असे कामाचे प्रश्न विचारले. टाळीवाला त्या दिवशी टाळी वाजवायला विसरला. म्हणाला, बाई, तुम्हीच प्रकाशक आहात, कोणाची परवानगी लागत नाही. नवी फाइल चढवा, यापुढची प्रत्येक प्रत तशीच छापून निघेल.

तर मी घातलंय. जिथे वाकड्या बोटावर कापड छान बसतं असं होतं, तिथेच. हे बोट जन्मतः वाकडं नाही, माझ्या नवऱ्यानं ते दारात धरून दार लावलं, असं सरळ लिहिलं. मागच्या खोलीचं लिहिलं, कोट आणि किल्लीचं लिहिलं. मग त्याचं पूर्ण नाव, धंदा आणि दुकानाचा पत्ता, प्रकाशकाचा छापतात तसा, वेगळ्या ओळीत. टोपणनाव काढून माझं नाव घातलं. पिल्लूनं टाइप करताना या वेळी एकही चूक काढली नाही.

कोट आणि किल्ली पोलिसांत दिली. मागे गेले होते तेव्हा घरातलं घरात मिटवा म्हणाले होते. या वेळीही तसंच सुरू झालं, पण मालकीणबाई सोबत होत्या. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, लिहून घेतल्याशिवाय ही खुर्ची रिकामी होणार नाही. त्यांचा देह तुला माहीत नाही. लिहून घेतलं.

शूर झालेय असं समजू नकोस. हे लिहिताना दाराकडे पाठ करायची हिंमत नाही, म्हणून खुर्ची फिरवून बसलेय. तुझ्या टाइपिस्टबाईंसाठी नवी प्रत पाठवतेय. द्यायची की नाही ते तू ठरव, राहायचंय तुला त्या गावात. नाही दिलीस तरी माझ्या मायेत काडीचा फरक पडणार नाही.

तुझी
ताई


२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दिली. आणि ती बाई कोण हेही सांगितलं. टाइपिस्टबाईंनी ते पान वाचलं आणि खिडकीतून समोरच्या दुकानाकडे बघितलं. मग आपल्या पर्समधून घराच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत बसल्या. त्यांच्या घरी त्या आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. कुलूप त्यानं बसवलेलं. जादा किल्लीही त्यानंच करून दिलेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं की तुम्ही परगावाहून आणला होता तो माणूस कोण? मी नंबर दिला. मग शिपाईमावशींनी मागितला. मग माझ्या त्या शेजारणीनं, खाली मान घालून. ताई, आता तो परगावचा माणूस दोन दिवसांआड येतो. ज्या ज्या घरात बाई एकटी आहे तिथली कुलपं बदलतायत. देवमाणूस हा शब्द कोणी उच्चारत नाही. फळवाल्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं. काही जण म्हणतात की बाईनं चव्हाट्यावर आणायला नको होतं. पण कुलूप तेही बदलून घेतात.

आता घाबरवणारं सांगते, कारण तू सांग म्हणाली होतीस. त्याचं शटर सोमवारपासून खाली आहे. घरालाही कुलूप. कुठे गेलाय कोणाला ठाऊक नाही. ह्यांनी पोलिसांना कळवलं, त्यांनी तुमच्याकडच्या ठाण्याला कळवतो असं सांगितलंय. दुकानात मी फोन केलाच आहे, या वेळी माझ्याच फोनवरून.

मी दिवसातून कितीदा त्या शटरकडे बघते, काही विचारू नकोस. जपून राहा. आणि ह्या पाकिटाच्या मागे मी माझं नाव आणि पत्ता लिहिलाय बघ. भ्यायले, पण लिहिला.

तुझ्या मायेची भुकेली
चिंगी


११ जुलै

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

पाकीट उलटं करून तुझं नाव वाचलं. मालकीणबाईंनी ते या वेळी गठ्ठ्यात लपवलं नाही, सगळ्यांसमोर हाक मारून दिलं.

इकडे अजून कोणी आलेलं नाही. येईल की नाही, मला माहीत नाही. ठाण्यातला एक माणूस दिवसातून एकदा चक्कर मारून जातो. कबुतरवाल्या आजोबांनी पुस्तकाच्या बऱ्याच प्रती मागवून आपल्या ओळखीत वाटल्या, असं टाळीवाल्यानं कळवलं. पिल्लूनं पिशवी उपसून कपडे कपाटात लावले. मला रात्री झोप लागते असं म्हणणार नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

एकच सांगायचं होतं. काल दुपारी घंटी वाजली. माझी मान झटकन वर झाली, सवयच ती. पाहते तर मालकीणबाई गल्ल्यावरून वर बघत होत्या. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली होती. धुलाईवाल्या दोघी ओल्या हातांनी पडद्याबाहेर आल्या होत्या. बिल भरायला थांबलेला तो वकीलसुद्धा दाराकडे वळून उभा होता. दारात एक म्हातारा गृहस्थ, हातात फाटका कोट. इतकी माणसं आपल्याकडे का बघतायत ते त्याला कळेना, बिचारा दारातच थबकला. इतकी वर्षं घंटी वाजली की त्या दुकानात मान फक्त माझी वर व्हायची.

कोट मी घेतला. बाही कोपराला विरली आहे, दोन दिवसांचं काम. आता ते करायला बसते.

माझ्यावरची माया अशीच राहू दे, आणि दारावरचं नवं कुलूपही.

तुझी
ताई